आई-बाबा ठणठणीत, तरी मुलाला सिकलसेल कसा?

हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणारं जनुक ११व्या गुणसूत्रावर असतं. त्याच्या दोन प्रती: एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच प्रत बदललेली असेल तर माणूस वाहक, म्हणजे ‘एएस’. बहुतेक वाहकांना कधी काही जाणवतही नाही. दोन्ही प्रती तशा असल्या तर ‘एसएस’ आजार होतो: तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असह्य ठणकतात.

दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५०, दोन्ही प्रती चांगल्या मिळण्याची २५. यातला ‘प्रत्येक’ हा शब्द नीट वाचावा. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तिघं सुटली, असं होत नाही. चिठ्ठी दर वेळी नव्याने निघते. आणि आजारी मुलाला बदललेली एकेक प्रत दोघांकडून आलेली असते, त्यामुळे सुनेला बोल लावणं हा निव्वळ अन्याय आहे.

हा आजार जास्त आढळतो अशा विदर्भात, नंदुरबार भागात लग्नाआधीच रक्त तपासून घ्यावं. साध्या विद्राव्यता चाचणीत फक्त दोष आहे की नाही एवढं कळतं; एएस की एसएस, हे इलेक्ट्रोफोरेसिस सांगतं.