बिग बॉसच्या घरात घड्याळ नसतं, पण कंट्रोल रूममध्ये?

बिग बॉस मराठीच्या घरातला एक अख्खा दिवस आपल्याला तासाभरात दाखवतात. जाहिराती वगळल्या तर त्याहूनही कमी वेळात. मग उरलेले तेवीस तास कुठे जातात? कोण ठरवतं? आणि ठरवताना त्यांच्या हातात नेमकं काय असतं?

पेट-सेटची तयारी करणारी महाड-पोलादपूरकडची मुलं मला सारखी म्हणतात, "ताई, मेथडॉलॉजीचं पुस्तक पाठ आहे, पण डेटा गोळा करायचा म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?" पुस्तकातली व्याख्या बाजूला ठेवा. आज आपण या शोच्या पडद्यामागे जाऊ. तुम्ही शो बघता की नावं ठेवता, याच्याशी मला देणंघेणं नाही. (आमच्या घरी दोन्ही एकाच वेळी चालतं.)

थोडा इतिहास. मूळ कार्यक्रम 'बिग ब्रदर', १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाला. हिंदी बिग बॉस २००६ मध्ये आला. मराठी आवृत्ती एप्रिल २०१८ मध्ये कलर्स मराठीवर आली, महेश मांजरेकर सूत्रसंचालक होते आणि पहिल्या पर्वाचं घर लोणावळ्यात होतं. साचा सगळीकडे एकच आहे. माणसं एका घरात बंद करायची, भिंतीभिंतीत कॅमेरे बसवायचे, प्रत्येकाच्या अंगावर माइक लावायचा आणि चोवीस तास टिपत राहायचं.

आता गणित करू. भारतात टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेम या हिशोबाने चालतं, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. प्रसारणासाठी रूढ असलेला रेकॉर्डिंगचा एक दर आहे सेकंदाला ५० मेगाबिट. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार करून आठाने भागा. एका कॅमेऱ्याचा एका दिवसाचा डेटा ५४० गिगाबाइट येतो. समजा साठ कॅमेरे आहेत, तर दिवसाला ३२ टेराबाइटच्या वर. हे सगळं नुसतं साठवणंच जड आहे, बघणं तर दूरच राहिलं. साठ कॅमेऱ्यांचा एक दिवस एका माणसाने बघायचा ठरवला तर त्याला न झोपता साठ दिवस लागतील.

म्हणून या प्रकारच्या शोमध्ये निवड नंतर नाही, तिथल्या तिथेच सुरू होते. कंट्रोल रूममध्ये भिंतभर मॉनिटर असतात. दिग्दर्शक ठरवतो की आत्ता स्वयंपाकघरातल्या भांडणामागे जायचं की बागेतल्या कुजबुजीमागे. त्याच्या शेजारी लॉगर बसलेले असतात. त्यांचं काम म्हणजे दिसेल ते टाइप करत राहणं: वेळ, जागा, कोण, काय केलं. एडिटर मंडळी पुढे त्या नोंदींतच शोध घेतात. नोंद नसलेला प्रसंग हार्डडिस्कवर असूनही नसल्यासारखाच असतो.

लॉगरच्या नोंदीचं एक उदाहरण घेऊ, माझं बनवलेलं. '१४:०५:१० – अ ताट न धुता ठेवून बाहेर गेली, ब तिच्याकडे बघत होता' ही एक नोंद. 'अ चिडून निघून गेली' ही दुसरी. पहिलीवरून दुसरी कधीही काढता येते, दुसरीवरून पहिली परत मिळत नाही. तुमच्या फील्ड डायरीत पहिल्या प्रकारची वाक्यं किती आहेत ते आजच मोजा.

पण या सगळ्याच्या मुळाशी आहे ती वेळ. घरात स्पर्धकांना घड्याळ दिसू देत नाहीत. पडद्यामागे मात्र एकच घड्याळ सगळ्यांवर राज्य करतं. प्रत्येक फ्रेमवर टाइमकोड असतो: तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. प्रत्येक कॅमेऱ्याने स्वतःचं घड्याळ वापरलं तर काय बिघडेल? साध्या क्वार्ट्झ स्फटिकाची चूक दहा लाखात वीस भाग धरा. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाला ती १.७ सेकंद होते, म्हणजे ४३ फ्रेम. एक कॅमेरा पुढे पळाला आणि दुसरा मागे पडला तर साडेतीन सेकंदांचा फरक. एका कॅमेऱ्यात थप्पड आणि दुसऱ्यात तीन सेकंदांनी वळलेली मान! म्हणून एक मध्यवर्ती घड्याळ सगळ्या यंत्रांना ठोका देतं आणि बाकीचे मुकाट्याने त्याच्यामागे चालतात.

इथे मला माझ्या कामाकडे यावंच लागतं. मी महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या डोंगरउतारांवर काम करते: पाऊस किती पडला की उतार सुटतो, हा प्रश्न. २२ जुलै २०२१ तुमच्यापैकी कुणी विसरलं नसेल. महाड शहर पाण्याखाली होतं, तळिये गावावर दरड आली, पोलादपूरमध्ये केवनाळे आणि साखर सुतारवाडीला माणसं गेली. आता कुणी तुम्हाला सांगितलं की 'त्या तारखेच्या पावसाचा आकडा घे आणि दरडीशी जोड', तर थांबा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो आणि आकडा मोजणीच्या तारखेवर लिहिला जातो. म्हणजे २२ तारखेच्या रकान्यातला पाऊस २१ च्या सकाळपासूनचा. तळियेची दरड २२ तारखेला दुपार उलटल्यावर कोसळली. त्या दिवशी सकाळी साडेआठनंतर पडलेला पाऊस २३ च्या रकान्यात गेला आणि दरडीनंतर, रात्री पडलेला पाऊसही त्याच रकान्यात. दरडीच्या आधीचे काही तास आणि नंतरचे अनेक तास एका आकड्यात मिसळले. धोक्याचा इशारा किती मिलिमीटरला द्यायचा हे जर अशा आकड्यांवरून ठरवलं, तर वाडी रिकामी करायला मिळणारा वेळच चुकीचा निघेल.

तासागणिक नोंद करणारा पर्जन्यमापक असेल तर हे सुटतं, पण मग त्याच्या घड्याळाचा प्रश्न येतो. मघाचीच चूक घ्या, जून ते सप्टेंबर १२२ दिवस. साधारण साडेतीन मिनिटं. पावसासाठी ती चालून जातील, उगाच बाऊ करू नका. उताराचा कंप टिपणारे चार-पाच जिओफोन असतील आणि कंप कुठून आला हे वेळेच्या फरकावरून काढायचं असेल तर मात्र सेकंदाचा अंशही चालत नाही. तिथे जीपीएसची वेळ घेतात. कंट्रोल रूमचं मध्यवर्ती घड्याळ करतं तेच काम.

आणि माणसांची वेळ? गावात कुणी घड्याळ बघून आठवत नाही. 'गुरं सोडली तेव्हा पऱ्याचं पाणी लाल झालं', 'दुपारची एसटी गेल्यावर जमीन हलल्यासारखी झाली' असं सांगतात. हे वाक्य जसंच्या तसं लिहा. गुरं किती वाजता सोडतात, एसटी त्या दिवशी आली होती का, हे नंतर वेगळं शोधा. ऐकतानाच मनात भाषांतर करून 'सकाळी ९' लिहू नका.

माइकचा भाग मला सगळ्यात आवडतो. प्रत्येक स्पर्धकाचा बिनतारी माइक वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालतो. सरळ समान अंतरावर फ्रिक्वेन्सी वाटल्या तर? समजा ५००.०, ५००.४ आणि ५००.८ मेगाहर्ट्झ. दोन ट्रान्समीटर जवळ आले की त्यांच्या सर्किटमध्ये नको असलेल्या फ्रिक्वेन्सी तयार होतात, त्यातली त्रासदायक म्हणजे 'पहिलीची दुप्पट वजा दुसरी'. करून बघा: ५००.४ ची दुप्पट १०००.८, त्यातून ५००.० वजा केले, उरले ५००.८. बरोबर तिसऱ्या माइकच्या डोक्यावर! दोघांनी गळाभेट घेतली की तिसऱ्याच्या माइकमध्ये खरखर. उपाय असा की कोणत्याही दोन फ्रिक्वेन्सींमधलं अंतर दुसऱ्या कोणत्याही जोडीइतकं ठेवायचं नाही. ०, १, ४, ६ हे आकडे घ्या. त्यांच्या जोड्यांमधली अंतरं १ ते ६, एकही पुन्हा येत नाही. गणितात याला गोलोंब पट्टी म्हणतात.

आरशामागच्या कॅमेऱ्याचं गुपित तर तुमच्या घरातच आहे. रात्री ओटीवर दिवा लावला की खिडकीच्या काचेत तुम्हाला स्वतःचंच तोंड दिसतं, अंगणातल्या माणसाला मात्र तुम्ही स्वच्छ दिसता. काच एकतर्फी नसतेच. फरक उजेडाचा असतो. म्हणून आरशामागची गल्ली काळोखी ठेवतात.

आता नाजूक गोष्ट. एखाद्याच्या दोन वेगवेगळ्या वेळच्या वाक्यांचे तुकडे जोडून नवं वाक्य तयार करता येतं. अमेरिकेतल्या रिॲलिटी टीव्हीच्या धंद्यात त्याला 'फ्रँकनबाइट' म्हणतात. सकाळचं हसू संध्याकाळच्या भांडणालाही लावता येतं. चित्रात घड्याळ नसल्याने प्रेक्षकाला पकडता येत नाही. यातला प्रत्येक तुकडा खरा असतो, हे लक्षात घ्या. चाळीस मुलाखतींतून सोयीची पाच वाक्यं उचलणारा प्रबंधही असाच तयार होतो. व्हायव्हाला कुणी मूळ रेकॉर्डिंग मागितलं तर टाइमकोडसकट देता येईल का, हे आत्ताच तपासा.

एक प्रयोग देते, खर्च शून्य. दोन फोन शेजारी ठेवा, दोन्हींवर आवाजाचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि एक टाळी वाजवा. मग एक फोन पडवीत ठेवा, दुसरा चुलीजवळच्या फळीवर, बेताच्या अंतरावर. सहा तासांनी दोन्ही पुन्हा त्याच जागी शेजारी आणून दुसरी टाळी वाजवा. संगणकावर फुकट मिळणाऱ्या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाइलींत दोन टाळ्यांमधलं अंतर मोजा आणि वजाबाकी करा. फरक शेकडो मिलिसेकंदांपर्यंतही जाऊ शकतो. मग फोनांच्या जागा बदलून पुन्हा करा, म्हणजे फरक फोनचा आहे की उष्णतेचा, ते वेगळं काढता येईल.