स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे

सेस्ना 172 घेऊन उडण्याआधी वैमानिक विमानाभोवती एक फेरी मारतो. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक लहानसं भोक असतं. त्यावर स्वच्छ रुमाल धरून तोंडाने हवा ओढली की पिपाणीसारखा आवाज येतो. हा स्टॉलचा भोंगा. त्याला बॅटरी लागत नाही. पंखावरच्या हवेचा दाब बदलला की तो आपोआप वाजतो, स्टॉलच्या 5 ते 10 नॉट आधी.

हैदराबादेत बेगमपेटच्या तेलंगण स्टेट एव्हिएशन अकादमीत काय किंवा दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत काय, शिकाऊ वैमानिकांना स्टॉल सुरुवातीलाच, भरपूर उंचीवर नेऊन, मुद्दाम करून दाखवतात. बाहेर मात्र ‘विमान स्टॉल झालं’ म्हटलं की लोकांना गाडी बंद पडल्यासारखं इंजिन बंद पडलं असं वाटतं. ग्लायडरला तर इंजिनच नसतं, तरी तोही स्टॉल होतो. स्टॉल होतो तो पंख.

वेग कमी झाला म्हणून स्टॉल होतो, हा दुसरा समज जास्त घातक, कारण तो अर्धा खरा आहे. लहानपणी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून पाहिलेला असतो: तळवा जरा तिरका केला की हात वर उचलला जातो, फारच उभा केला की नुसता मागे ढकलला जातो. पंखाचं तसंच. समोरून येणाऱ्या हवेशी पंख जो कोन करतो तो अँगल ऑफ अटॅक. लहान विमानांत तो साधारण 15 ते 18 अंशांपलीकडे गेला की हवा पंखाला चिकटून वाहत नाही आणि उचल कोसळते; हाच स्टॉल. मग वेग कितीही असो. सेस्ना 172 च्या एका मॉडेलचा, फ्लॅप (पंखामागच्या झडपा) न उतरवता, सरळ उड्डाणातला स्टॉलचा वेग सुमारे 53 नॉट आहे. तेच विमान 60 अंश कलवून उंची राखत वळवलं तर 75 नॉटलाच स्टॉल होतं. वेगमापकाकडे पाहून निर्धास्त राहणारा इथेच फसतो.

‘हैदराबादच्या उन्हाळ्यात स्टॉलच्या वेगाचा आकडा वाढतो’ हेही ऐकू येतं. बेगमपेट समुद्रसपाटीपासून 1,742 फुटांवर. पारा 42 अंशांवर गेला की हवा विरळ होते. पण ती वेगमापकालाही विरळच लागते, म्हणून त्यावरचा स्टॉलचा आकडा तोच राहतो. बदलतो तो खरा वेग: काट्यावर 65 नॉट असताना विमान सुमारे 70 नॉटने जात असतं. धावपट्टी जास्त लागते, चढण मंदावते. जमीन भराभर मागे पळताना पाहून ‘वेग भरपूर आहे’ असं वाटणं, धोका त्यात आहे.

वजन, वळण, उष्णता काहीही असो, पंखाचा तो कोन जवळजवळ तोच राहतो. (फ्लॅप उतरवले की थोडा बदलतो.) म्हणूनच कोन थेट दाखवणारं यंत्र मोलाचं. हिरवा, पिवळा, लाल अशा दिव्यांची ही छोटी पट्टी लढाऊ विमानांपुरतीच, असं समजू नये. अमेरिकेच्या हवाई नियामक संस्थेने, एफएएने, 2014 मध्ये लहान विमानांत ती बसवण्याची मंजुरी सोपी केली.

पण इशारा देणारं यंत्र असलं की स्टॉल टळला, असंही नाही. 1 जून 2009 रोजी एअर फ्रान्सचं 447 उड्डाण अटलांटिकमध्ये कोसळलं, त्याआधी स्टॉलचा इशारा जवळजवळ मिनिटभर सलग वाजत होता आणि विमानाचं नाक वरच ओढलेलं होतं.

लहान विमानाची खरी परीक्षा उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर असते. उंची थोडी, खाली वस्ती. वळायला उशीर झाला, धावपट्टीची रेषा ओलांडली गेली की हात आपोआप कंट्रोल मागे ओढतो, पाय रडर (शेपटीचं सुकाणू) दाबतो. अशा वेळी एक पंख आधी स्टॉल होतो आणि विमान गिरकी घेतं. तिथून सावरायला उंची उरत नाही. पट्टी पिवळी झाली किंवा भोंगा कुजबुजला तरी आधी ओढ सैल करायची, पंख सरळ करायचे. धावपट्टी हुकली तर हुकू द्यायची, पूर्ण पॉवर देऊन वर जायचं आणि आणखी एक फेरी घ्यायची.