म्हातारीचा तवा आणि सोनेरी अंगठी

व्हाइट ऑर्चर्ड नावाच्या खेड्यात एका झोपडीच्या बंद दारापुढे एक म्हातारी उभी आहे. गावात नुकतंच युद्ध येऊन गेलं आहे, परक्या सैन्याचा अंमल आहे, आणि म्हातारीची तक्रार एवढीच, की एका अनोळखी माणसानं तिचा तवा उसना नेला तो परत दिला नाही. गेराल्ट हा पैसे घेऊन राक्षस मारणारा शिकारी. तो दार फोडून आत जातो. आत प्रेत पडलंय, जळालेले कागद आहेत, आणि तवा मात्र लख्ख. त्याच्या बुडाची काजळी खरवडून त्या माणसानं शाई केली होती. म्हातारीला तवा मिळतो. खेळणाऱ्याच्या हाती येतं ते अगदी किरकोळ. सगळं काम उरकायला चारपाच मिनिटं पुरतात.

हा प्रसंग ‘द विचर ३: वाइल्ड हंट’ या गेममधला. पोलंडमधल्या वॉर्सा शहरातल्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीनं तो २०१५ साली आणला. मुख्य कथा आहे गेराल्टच्या मुलीसारख्या असलेल्या सिरीच्या शोधाची. तव्याचा त्या कथेशी काडीचा संबंध नाही. म्हातारीकडे न बघता कुणी पुढे गेलं तरी गेमचं काही अडत नाही. अशा आडवाटेच्या कामाला साइड क्वेस्ट म्हणतात. आपल्याकडची मुलं सरसकट ‘साइड मिशन’ म्हणतात. काम पुरं केल्यावर किंवा वाटेत शत्रू मारल्यावर मिळणाऱ्या तलवारी, चिलखतं, अंगठ्या, नाणी म्हणजे लूट. रोल-प्लेइंग गेममध्ये माणसं शंभर-शंभर तास रमतात, त्यातले कितीतरी तास या दोन गोष्टींत जातात.

‘विचर ३’च्या क्वेस्ट रचणाऱ्या गटाचे प्रमुख माटेउश तोमाश्केविच यांनी मुलाखतींत सांगितलं आहे, की त्यांच्या गटाचा एक नियम होता: नुसती ने-आण करायला लावणारी क्वेस्ट नको. काम कितीही लहान असो, त्यात लक्षात राहील असं काहीतरी हवंच. म्हातारीचा तवा बारकाईनं बघितला की या नियमाचा अर्थ कळतो. वरवर ती ने-आणच आहे. पण दार उघडताच प्रश्न बदलतो. तवा कुठाय हे बाजूला पडतं आणि हा माणूस कोण, त्यानं काय लिहिलं, त्याला कुणी मारलं, हे समोर येतं. त्या प्रश्नांची पुरी उत्तरं मिळतही नाहीत. म्हातारीला मात्र त्यातल्या कशाशीच देणंघेणं नाही, तिला तवा हवाय. युद्धात सामान्य माणसाचं जगणं कसं चालतं, हे त्या झोपडीत एकही भाषण न करता सांगून झालेलं असतं.

आपल्या मराठी वाचकाला ही रचना नवी वाटू नये. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदीला सौगंधिक फूल हवं असतं म्हणून भीम निघतो. काम काय, तर एक फूल आणायचं. वाटेत म्हातारं वानर शेपूट पसरून बसलेलं. ती शेपूट भीमाला तसूभरही हलवता येत नाही आणि ते वानर म्हणजे आपला थोरला भाऊ हनुमान, हे उघड होतं. फुलासाठी निघालेल्या भीमाला भावाची भेट घडते, आणि अर्जुनाच्या ध्वजावर बसण्याचं वचन मिळतं, ते पुढे कुरुक्षेत्रावर कामी येतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा पुराणकथांवर उभा असलेला अ‍ॅक्शन गेम काढला. आपल्या उपाख्यानांच्या या साठ्यावर एखादा ऐसपैस रोल-प्लेइंग गेम मला मनापासून खेळायचा आहे.

साइड क्वेस्ट कुठे फसते, हे सगळ्यांत स्पष्ट सांगितलं ते चूक ज्याच्या हातून झाली त्यानंच. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ साली आला. त्याच्या क्वेस्ट रचणाऱ्या प्रमुखांपैकी एक होते जेफ कॅप्लन. २००९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्यांनी आपल्याच गेममधल्या क्वेस्टच्या चुका एकेक करून मांडल्या. सर्वांत वाईट म्हणून त्यांनी निवडली स्वतः लिहिलेली क्वेस्ट, ‘द ग्रीन हिल्स ऑफ स्ट्रँगलथॉर्न’. हेमेट नेसिंगवेरी या शिकाऱ्याच्या पुस्तकाची पानं जंगलभर विखुरली आहेत, ती गोळा करायची. (हेमेट नेसिंगवेरी ही अर्नेस्ट हेमिंग्वे या नावाच्या इंग्रजी अक्षरांची उलटापालट.) कल्पना छान होती. प्रत्यक्षात काय झालं? जंगलातला कोणताही शत्रू मारला की एखादं पान पडे. एकच पान पुन्हा पुन्हा मिळे, हवं ते मिळत नसे, आणि प्रत्येक वेगळं पान पिशवीतली एक जागा अडवे. पिशवी भरली की काहीतरी टाकून द्यायची पाळी. खेळणाऱ्याचं लक्ष जंगलावरून उडून पिशवीच्या खणांवर गेलं. त्याच भाषणात कॅप्लन यांनी सांगितलं, की क्वेस्टच्या मजकुराला त्यांच्याकडे ५११ अक्षरांची मर्यादा होती, आणि ती मर्यादा चांगलीच, कारण माणूस गेम खेळायला बसलेला असतो. जे सांगायचं ते त्याच्या हातून घडू द्यावं. ही शिकवण मला फार मोलाची वाटते.

याच गेममधली दुसरी एक क्वेस्ट: झेब्र्यासारख्या दिसणाऱ्या झेव्हरा या प्राण्याचे चार खूर आणायचे. प्राण्याला पाय चार, म्हणजे एका शिकारीत काम व्हायला हवं. पण एक मारला, खूर नाही. दुसरा मारला, नाही. पाय तर डोळ्यांसमोर दिसताहेत! पडद्यामागे काय चाललंय ते खेळणाऱ्याला ठाऊक नसतं. प्रत्येक शिकारीमागे गेम एक फासा टाकतो आणि ठरलेल्या शक्यतेनुसार वस्तू देतो किंवा देत नाही. याला ड्रॉप रेट म्हणतात.

इथे गणित थोडं सावकाश बघायला हवं, कारण ते मनाला सहज पटत नाही. समजा ड्रॉप रेट ५ टक्के आहे. म्हणजे वीसांत एक. साहजिकच वाटतं, वीस शत्रू मारले की वस्तू मिळणार. पण प्रत्येक फासा स्वतंत्र पडतो, त्याला आधीच्या फाशांची आठवण नसते. ०.९५ला वीस वेळा गुणत गेलं की उत्तर येतं सुमारे ०.३६. म्हणजे वीस शत्रू मारूनही शंभरातले ३६ जण रिकाम्या हाती. साठ मारल्यावरही हजारी ४६ जण तसेच उरतात. लाखो लोक खेळत असलेल्या गेममध्ये हा आकडा हजारोंच्या घरात जातो, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं की गेम आपल्याशीच वैर धरून आहे. यावर वॉरक्राफ्टच्या लोकांनी पुढे उपाय काढला: दर वेळी वस्तू मिळाली नाही की पुढच्या वेळची शक्यता आतल्या आत वाढवायची. फासा शुद्ध राहत नाही, पण माणसाच्या मनातल्या न्यायाच्या जवळ येतो. मला हा बदल पूर्णपणे मान्य आहे. खेळ माणसासाठी रचायचा असतो.

आता लुटीकडे. हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचलला, आणि आता तो जगभरच्या गेममधून फिरून आपल्याकडे परत आला आहे.

लुटीचं आजचं रूप घडवलं ‘डायाब्लो’नं. १९९६च्या अखेरीस आलेला हा गेम डेव्हिड ब्रेव्हिक आणि त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांचा. मुळात तो बुद्धिबळासारखा, एकाआड एक चाल असा होता. ‘अँगबँड’सारख्या जुन्या, अक्षरांनी रंगवलेल्या भुयारी खेळांचा वारसा त्यामागे होता. चाली काढून टाकाव्यात, सगळं सलग घडावं, असा आग्रह झाल्यावर ब्रेव्हिक यांनी एका दुपारी तो बदल करून पाहिला. माउस दाबला, योद्धा चालत गेला आणि त्यानं सांगाड्याच्या ठिकऱ्या उडवल्या. ही आठवण त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितली आहे. २००० सालच्या ‘डायाब्लो २’मध्ये लुटीचे रंग पक्के झाले: साधी वस्तू पांढरी, जादूची निळी, दुर्मीळ पिवळी, संचातली हिरवी आणि एकमेवाद्वितीय सोनेरी. वस्तूच्या नावाला पुढेमागे जोडलेले शब्दही गुण सांगतात. ‘ऑफ द व्हेल’ असं शेपूट लागलं की चिलखत अंगात भरपूर जीव घालणार. थोडेच सुटे तुकडे, पण त्यांच्या जोड्या अगणित.

जमिनीवर अंगठी पडल्याचा तो बारीक ‘टिंग’ आवाज ज्यानं ऐकलाय, त्याला तो आयुष्यभर ओळखू येतो. रणधुमाळी चालू असते, राक्षस अंगावर येत असतात, आणि त्या गोंगाटात टिंग! बोट आपसूक ऑल्ट कळीवर जातं, जमिनीवरच्या वस्तूंची नावं उमटतात, आणि डोळा सोनेरी अक्षरं शोधतो. बहुतेकदा निळीच असते. पण त्या अर्ध्या क्षणात काहीही असू शकतं.

हा अर्धा क्षण विकायला काढला तर काय होतं, ते ‘डायाब्लो ३’नं दाखवलं. १५ मे २०१२ला हा गेम आला आणि महिन्याभरात त्यात खऱ्या पैशांचं लिलावघर सुरू झालं. कुणाला मिळालेली तलवार दुसऱ्यानं डॉलर मोजून घ्यायची, एका वस्तूला कमाल २५० डॉलर. हेतू वाईट नव्हता. चोरबाजारात फसवले जाणारे लोक वाचावेत, असा विचार होता. पण हजारो लोकांची लूट एका यादीत आल्यावर आपल्या वाटेला आलेली अंगठी उचलण्यात राम उरला नाही. तिच्याहून सरस अंगठी दोन क्लिकवर होती. शिवाय पडणारी लूट अनेकदा दुसऱ्याच जातीच्या योद्ध्याच्या कामाची. राक्षस मारण्यापेक्षा भाव बघत बसणं फायद्याचं ठरलं. गेम आला तेव्हाचे त्याचे दिग्दर्शक जे विल्सन यांनी २०१३ साली कबूल केलं, की लिलावघरानं गेमचं नुकसान केलं. १८ मार्च २०१४ला ते बंद झालं. त्याच्या थोडं आधी लुटीची नवी व्यवस्था आली: वस्तू कमी पडतील, पण ज्या पडतील त्या बहुतेक तुमच्याच योद्ध्याच्या उपयोगाच्या. पैसे मिळवून देऊ शकणारी सोय कंपनीनं स्वतःहून काढून टाकली, याबद्दल मला आजही आदर वाटतो. लूट म्हणजे वस्तूच असती तर लिलावघरासारखं सोयीचं काही नव्हतं. सोन्याच्या नावानं आपट्याची पानं लुटणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावायला नको.

मला सर्वांत जवळची क्वेस्ट मात्र याहून जुनी आहे. निन्टेन्डोचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा: माजोराज मास्क’, साल २०००. काटेकोर अर्थानं हा रोल-प्लेइंग गेम म्हणता येणार नाही, पण आडवाटेची कथा कशी गुंफावी हे इथे शिकावं. क्लॉक टाउन या गावावर तीन दिवसांत चंद्र कोसळणार आहे. आंजू नावाची मुलगी खानावळ-धर्मशाळा चालवते. तिचा होणारा नवरा काफेई लग्नाच्या तोंडावर बेपत्ता आहे. एका शापानं त्याचं लहान मूल झालंय, त्यात लग्नाचा मुखवटा चोरीला गेलाय. शरमेनं तो लपून बसलाय. खेळणाऱ्यानं तीन दिवस घड्याळ सांभाळत हिंडायचं. पहिल्या रात्री स्वयंपाकघरात आंजूला भेटायचं, तिचं पत्र टपालपेटीत टाकायचं, पोस्टमन कुठे जातो ते बघायचं, काफेईनं दिलेलं पदक तिच्या हाती पोचवायचं, तिसऱ्या दिवशी दूरच्या दरीत चोराची गुहा गाठायची. एखादी वेळ चुकली की सगळं हुकतं.

नीट जमलं तर शेवटच्या रात्री, गाव रिकामं झालेलं, चंद्र छपरांना टेकायला आलेला, आंजू वरच्या खोलीत वाट बघत बसलेली असते आणि दार उघडतं. मुलाएवढा काफेई आत येतो. दोघांचे मुखवटे मिळून एक जोडमुखवटा होतो, तो ते आपल्या हाती देतात. आपण निघून जा, आम्ही दोघं सकाळची वाट बघू, असं सांगतात.

मुखवट्याचा उपयोग जवळजवळ नाहीच. गावच्या महापौराची एक रेंगाळलेली सभा त्यानं मिटते, इतकंच. आणि जीव वाचवायला काळ मागे फिरवावाच लागतो. पुन्हा पहिल्या दिवसाची सकाळ होते. बाजारात जत्रेची तयारी सुरू असते. खर्च झालेलं काही परत येत नाही, पिशवीतली नाणी गेलेली असतात, मुखवटे तेवढे राहतात. धर्मशाळेचं दार ढकलून आत गेलं की आंजू काउंटरमागे उभी असते. ती आपल्याला ओळखत नाही. काफेई अजून बेपत्ता आहे, आणि त्यांच्या लग्नाचा मुखवटा आपल्या पिशवीत.