टोक की गोळा?

बेंजामिन फ्रँकलिन म्हटला की पतंग आणि किल्ली आलीच. पण पतंगाच्या त्या जून महिन्याआधीच, १० मे १७५२ रोजी, पॅरिसजवळच्या मार्ली गावात फ्रँकलिनने सुचवलेला, ढगातली वीज सळईवर उतरवण्याचा प्रयोग पार पडला होता. तोही मांडणी करणारा दालिबार गावात नसताना, एका निवृत्त शिपायाच्या आणि गावच्या पाद्र्याच्या हातून! परक्यानेही पडताळून पाहावी अशी कल्पना मांडायची आणि मग बाजूला व्हायचे, हेच या माणसाचे खरे वैज्ञानिक कसब होते, असे माझे मत आहे. चरित्रकार त्याचे विज्ञान छापखान्यातून निवृत्त झालेल्या गृहस्थाचा छंद म्हणून दोन प्रकरणांत उरकतात आणि राजकारणाकडे वळतात. पण या कसबाची परीक्षा झाली ती राजकारण ऐन भरात असताना.

ती घेतली बेंजामिन विल्सन या आज विसरल्या गेलेल्या माणसाने. विल्सन व्यवसायाने व्यक्तिचित्रकार. पण विजेच्या अभ्यासाबद्दल रॉयल सोसायटीचे कॉपली पदक मिळवलेला, म्हणजे कच्च्या गुरूचा चेला नव्हे. १७७२ मध्ये पर्फ्लीटच्या दारूकोठारांवर वीजरक्षक सळया कशा बसवाव्यात हे ठरवायला सोसायटीने समिती नेमली. तिच्यात फ्रँकलिन, कॅव्हेंडिश आणि विल्सनही होते. समितीने फ्रँकलिनच्या मताप्रमाणे टोकदार सळयांची शिफारस केली, विल्सनने एकट्याने विरोध नोंदवला. टोक विजेला आमंत्रण देते, म्हणून सळईचा माथा बोथट हवा, असे त्याचे म्हणणे. १७७७ च्या मे महिन्यात पर्फ्लीटच्या एका इमारतीवर खरोखरच वीज पडली. नुकसान काय, तर कोपऱ्यातल्या थोड्या विटा निखळल्या. विल्सनला तेवढे पुरले. लंडनच्या पँथिऑनमध्ये त्याने दीडशे फुटांहून लांब कृत्रिम ‘ढग’ टांगला आणि खुद्द तिसऱ्या जॉर्जला प्रयोग दाखवले. राजाने आपल्या वाड्यावरच्या टोकदार सळया उतरवून बोथट बसवल्या. तोवर फ्रँकलिन बंडखोर वसाहतींचा वकील म्हणून फ्रान्समध्ये होता. साहजिकच सळईचे टोक राजद्रोहाची खूण ठरले.

यावर फ्रँकलिनने काय केले? १४ ऑक्टोबर १७७७ च्या पत्रात तो लिहितो की आपल्या वैज्ञानिक मतांच्या बचावासाठी आपण कधी वाद घातला नाही. ती खरी असतील तर अनुभव त्यांना तारेल. कोणी म्हणेल, फ्रेंच दरबारात कीर्तीवर पत चालत असताना मौन हीच मुत्सद्देगिरी होती. असेलही. शिवाय त्याच पत्रात तो राजाला चिमटा काढतोच: राजाने सळया निरुपयोगी म्हणून साफ काढून टाकल्या असत्या तर बरे झाले असते, कारण आकाशातल्या विजेपासून निर्धास्त झाल्यावरच त्याने निरपराध प्रजेवर स्वतःची वीज सोडली. म्हणजे राग होता. पण तो राजावर निघाला. विल्सनचे प्रयोग खोडायला फ्रँकलिनने लेखणी उचलली नाही. ते काम लंडनमध्ये एडवर्ड नेर्नने स्वतःच्या प्रयोगांनी केले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विल्सनच बरोबर असेल तर? न्यू मेक्सिकोतल्या डोंगरावर चार्ल्स मूर आणि सहकाऱ्यांनी काही वर्षे टोकदार आणि बोथट सळया शेजारीशेजारी उभ्या केल्या. त्यांचे निष्कर्ष २००० साली आले. वीज पडली ती बोथट सळयांवर, टोकदार कोऱ्या राहिल्या. म्हणजे टोकाविषयीचा फ्रँकलिनचा आग्रह चुकला. पण बोथट माथा विजेला कमी बोलावतो हा विल्सनचा सिद्धान्त तर पुरता उलटा पडला. उरली ती फ्रँकलिनने सांगितलेली दुसरी गोष्ट: वीज पडलीच, तर सळईवाटे ती जमिनीत जावी. पर्फ्लीटला विटांवर निभावले ते त्यामुळेच. अनुभवाने आपले टोक मोडावे, ही मुभा फ्रँकलिनने स्वतःच देऊन ठेवली होती.

विल्सनने १७५९ मध्ये फ्रँकलिनचे एक चित्र काढले होते. फिलाडेल्फिया ब्रिटिशांच्या ताब्यात असताना फ्रँकलिनच्या घरातून ते त्यांच्या सैन्याबरोबर गेले आणि जनरल ग्रेच्या घराण्यात राहिले. १९०६ मध्ये त्याच्या पणतूने, कॅनडाच्या गव्हर्नर जनरलने, ते अमेरिकेला परत केले. आज ते व्हाइट हाउसच्या संग्रहात आहे.