मैफल आतून (भाग ९) : षड्ज कुणाचा?

गेल्या भागात तानपुऱ्याच्या चार तारा लावून झाल्या. आता त्या तारांपुढे एका गवयाऐवजी दोघांना बसवू या, एक पुरुष आणि एक बाई, आणि कुठे कुठे अडतं ते पाहू.

दोघांनी मिळून गायचं म्हटलं की स्वभाव, मानधन, पत्रिकेवर नाव आधी कुणाचं छापायचं, असेच विषय निघतात. ते असतातच, आणि त्यांचे रसभरित किस्से कुठल्याही मैफलीच्या मध्यंतरात ऐकायला मिळतात. पण समजा, दोन्ही कलावंत संतवृत्तीचे आहेत, एकमेकांना आधी गायचा आग्रह करणारे. तरीही एक तंटा उरतो, कारण तो स्वभावात नसून गळ्यात असतो. तो म्हणजे पट्टीचा.

बहुतेक पुरुष गायक काळी एकच्या आसपास षड्ज धरतात. कुणी पांढरी एक, कुणी पांढरी दोन. बायकांचा षड्ज साधारण काळी तीन ते काळी पाच यांच्या दरम्यान. ख्याल गाताना मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत, म्हणजे चांगली दोन सप्तकं फिरावं लागतं. पुरुषाने बाईंची काळी चार धरली तर तार षड्जाशीच त्याचा गळा आवळतो. बाईंनी त्याची काळी एक धरली तर मध्य षड्जाखाली आवाजाऐवजी नुसता श्वास ऐकू येतो. मधली काळी दोन घेतली तर गैरसोय दोघांची. समेट म्हणून हे दिसायला बरं. गाणं मात्र दोघांचंही निम्मं होतं.

चित्रपटातल्या द्वंद्वगीतात हे निभतं, कारण चाल आधीच बांधलेली असते आणि संगीतकार तिचे चढउतार दोन्ही गळ्यांना पेलतील असे बेततो. ख्यालात चाल जागेवरच घडते. कोण कधी कुठे जाईल हे आधी ठरवलं तर ख्यालात गाण्यासारखं फारसं उरत नाही.

म्हणूनच गाजलेल्या गायकजोड्या बघा: डागर बंधू, सलामत अली-नजाकत अली, राजन-साजन मिश्र. सगळे भाऊ-भाऊ. गळ्याची ठेवण सारखी, तालीम एका घरातली, पट्टी एक. वादकांतही रविशंकर आणि अली अकबर खाँ मैहरला एकाच गुरूकडे, बाबा अल्लाउद्दीन खाँकडे शिकलेले. शिवाय वाद्यांना थोडी मुभा असते. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार एकत्र आली. बासरीचा षड्ज बांबूला भोकं पाडली तेव्हाच ठरलेला असतो. तारा मात्र पिळून त्याच्याशी जुळवता येतात. गळ्याला खुंट्या नाहीत.

पंडित जसराज यांनी यावर काढलेली वाट 'जसरंगी' या नावाने ओळखली जाते. तिचा आधार मूर्च्छना, आणि ही कल्पना फार जुनी आहे: स्वर तेच ठेवायचे, फक्त षड्ज त्यांतल्या दुसऱ्या स्वरावर न्यायचा, की राग बदलतो. जसरंगीत पुरुष आपल्या षड्जावर एक राग गातो, बाई आपल्या षड्जावर दुसरा, आणि दोघांचे प्रत्यक्ष कानी पडणारे स्वर एकच असतात. पुरुषाचा मध्यम तो बाईंचा षड्ज, आणि बाईंचा पंचम तो पुरुषाचा षड्ज. अश्विनी भिडे-देशपांडे आणि संजीव अभ्यंकर यांची जसरंगी अनेकांनी ऐकली असेल. एक जयपूर-अत्रौलीच्या, दुसरे मेवातीचे. एकत्र गाण्यासाठी आधी षड्ज वेगळे करून टाकायचे, ही युक्ती मला फार हुशारीची वाटते.

अभोगी आणि कलावती ही जोडी घेऊन पेटीवर करून बघा. काळी एक षड्ज धरून अभोगीचे सा, रे, कोमल ग, म, ध वाजवा: काळी एक, काळी दोन, पांढरी तीन, काळी तीन, काळी पाच. आता काळी तीनला षड्ज म्हणा आणि कलावतीचे सा, ग, प, ध, कोमल नि शोधा. बोटं त्याच पाच पट्ट्यांवर पडतील.

गंमत तानपुऱ्यात आहे. अभोगीत पंचम नाही, त्यामुळे पहिली तार मध्यमाला लावतात. म्हणजे पुरुषाच्या तानपुऱ्यात वाजतात काळी तीन आणि काळी एक. कलावतीत पंचम आहे, तो बाईंच्या पहिल्या तारेवर: काळी एक. उरलेल्या तारांवर षड्ज: काळी तीन. दोघांचे तानपुरे त्याच दोन स्वरांत बोलतात, फक्त एकाची मुख्य तार ती दुसऱ्याची सोबतीण. तबला काळी एकला लावला तर त्याला षड्ज मिळतो, तिला पंचम. तक्रार कुणाचीच नाही.

एवढं जमल्यावर वाटतं, सुटलं कोडं. पण खरी अडचण इथून सुरू होते, आणि ती श्रुतीची आहे. (ज्यांना गणिताची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. मला मात्र तोच सगळ्यात आवडतो.)

पुरुषाचा रिषभ म्हणजे बाईंचा धैवत. रिषभ नेहमीच्या जागी, षड्जाच्या ९/८ पटीवर ठेवला, तर बाईंच्या षड्जापासून मोजता तो २७/१६ पटीवर पडतो. बाईंना धैवत हवा असतो गांधाराशी नीट बोलणारा, म्हणजे ५/३ पटीचा, आणि तो थोडा खाली आहे. फरक ८१/८० एवढा: लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर असतं त्याचा जेमतेम पाचवा भाग. नाट्यशास्त्रातली प्रमाणश्रुती साधारण एवढीच, असं अनेक आधुनिक अभ्यासक मानतात. पेटीवर हा फरक कळणार नाही, कारण पेटी दोघांशी सारखंच खोटं बोलते. तानपुऱ्यासमोर दोन तयार गळे लांब सूर लावतात तेव्हा मात्र कळतो. मग कुणी सरकायचं? अभोगीत तोड निघते. पंचम नसल्यामुळे रिषभाला पंचमाशी जुळवून घ्यायचं बंधन नाही. तो १०/९ पर्यंत उतरू शकतो, आणि तिथे त्याचं स्वतःच्या धैवताशी सूतही छान जुळतं. हीच जोडी त्याने दुर्गा आणि तिने भूप अशी घेतली तर दुर्गेत पंचम आहे. रिषभ पंचमाला सोडून खाली येऊ शकत नाही. मग दोघांपैकी एकाला कुठेतरी सोसावंच लागतं.

त्यानंतर चलन. स्वर तेच असले म्हणजे वाट तीच असते असं नाही. अभोगी कानड्याच्या अंगाने गाणारा 'ग म रे सा' घेतो, गांधारावर थोडा झुलून. तेच स्वर बाईंच्या कानाला 'नि सा ध प' असे लागतात, आणि कलावती उतरताना सरळ 'सां नि ध प' करत येते. त्याच्या एका नेहमीच्या वळणाला तिच्या रागात सोयीचं उत्तर नाही. तिने ते वळण उचललं तर कलावती बिघडते. टाळलं तर ऐकणाऱ्याला वाटतं की तिला ते ऐकूच आलं नाही. दोन घराण्यांची तालीम असेल तर अशा जागा आणखी वाढतात. या जागा कुठे कुठे आहेत हे आधी बसून शोधावं लागतं, आणि ते शोधणं हीच जुगलबंदीची तालीम. गोड जागा मंचावर आपोआप सापडतात.

देवघेवीची जागाही हिशेबानेच येते. तो आपल्या षड्जावर येऊन थांबला, म्हणजे त्याचं वाक्य संपलं. पण तिच्यासाठी तो पंचम, तिचं वाक्य अर्ध्यावर आहे. तो मध्यमावर थांबला तर तिला षड्ज हातात मिळतो, आणि अभोगीत मध्यमावर थांबणं शोभतंही. कलावतीत पंचम ही हक्काची विश्रांती, म्हणजे ती पंचमावर आली की त्याचा षड्ज तयार. ही जोडी जमते ती स्वर सारखे आहेत म्हणून थोडी, आणि थांबायच्या जागा जुळतात म्हणून जास्त. ऐकणाऱ्यालाही आपला षड्ज दर वेळी हलवावा लागतो. सुरुवातीला त्याचा गोंधळ उडतो, आणि उडू द्यावा.

साथीदारांचं काय? पेटीवाला गायकाच्या अर्ध्या पावलावर मागून येत असतो. इथे त्याला पट्ट्या न बदलता मनातला षड्ज क्षणात बदलायचा असतो. एकाच्या आलापीचा मागोवा घेत असताना दुसऱ्याने सूर लावला तर त्याने आधी कुणाचं पुरं करायचं? बहुतेक शहाणे पेटीवाले अशा वेळी भाता हळू करून गप्प बसतात, आणि मला तेच बरोबर वाटतं.

जुगलबंदीत टाळ्या पडतात त्या सवालजवाबाला. एकाने तान फेकली, दुसऱ्याने परतवली. खरं तर कसबी कलावंतासाठी हा सगळ्यात सोपा भाग, कारण तिथे काय करायचं हे समोरचाच सांगून देतो. अवघड असतो तो विलंबितातला पहिला अर्धा तास. दुसऱ्याने आत्ताच जे सुंदर म्हटलं त्याला हात न लावता पुढे जायचं असतं, आणि कधीकधी आपली पाळी असूनही एक आवर्तन सोडून द्यायचं असतं.

स्वरांचा हिशेब असा कागदावर मांडता तरी येतो. लयीचा मांडता येत नाही. एकाला विलंबित एकताल इतका सावकाश हवा की मात्रांमध्ये आलाप मावावेत, दुसऱ्याला बोलअंगासाठी जरा चालता हवा, आणि तबला एकच. तबलजीने कुणाच्या हाताकडे पाहायचं, आणि लय चढली तर दोष कुणाला द्यायचा, हे पुढच्या भागात.