नदी कुठे वळली, ते आधी बघा

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापडबाजाराला लागून असलेल्या उचगावात, ओळखीच्या एका काकांच्या टेबलावर चीन अंथरला होता. एकोणिसाव्या शतकातला, इंग्रजी अ‍ॅटलासमधून सुटा झालेला नकाशा. मागे विकणाऱ्याने पेन्सिलीने लिहिलेलं : अंदाजे १८५०.

काका हात धुऊन कोरडे करतात, पण मोजे घालत नाहीत. मोज्यांतून कागदाची कड कळत नाही आणि तो फाटतो. मग भिंग. आजची ऑफसेट नक्कल असती तर रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली असती. इथे रेषा सलग आहेत. कडेच्या कोऱ्या जागेवर बोट फिरवलं की छपाईच्या पत्र्याची दबलेली खूण लागते. सीमेचा गुलाबी रंग हाताने भरलेला, दोनतीन ठिकाणी रेषेबाहेर गेलेला. कोपऱ्यात तांबूस डाग आहेत. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ते वाढतात, म्हणून नकाशा ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगायचा नाही. आणि लॅमिनेशन कधीच नाही. एकदा चिकटलेलं प्लास्टिक कागदाला इजा न करता निघत नाही.

खरी तपासणी पुढे. हाँगकाँगवर ब्रिटिशांचा रंग आहे, म्हणजे नकाशा १८४२ च्या नानकिंग तहाच्या आधीचा नसावा. मग पीत नदी. नकाशावर ती शांटुंग द्वीपकल्पाच्या दक्षिणेला समुद्राला मिळते. १८५५ च्या पुरात बांध फुटला आणि नदी उत्तरेकडे वळून बोहायच्या आखातात जाऊ लागली. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर पाहिलेल्या माणसाला पाण्याचा हा जोर समजावून सांगावा लागत नाही. पण इतकी मोठी नदी मुखच बदलते, हे कागदावर बघताना मी बराच वेळ तिथेच थांबलो.

"मग हा १८५५ च्या आधीचाच?" मी विचारलं.

"नाही, असं म्हणता येत नाही. बातमी पोचायला वेळ लागायचा, आणि जुना पत्रा वर्षानुवर्षं तसाच छापत राहायचे. नवीन काही दिसलं तर तारीख त्याच्या अलीकडची, हे नक्की. जुनं राहिलंय, त्यावरून काही ठरत नाही."

संग्राहकाने पाळावी ती शिस्त हीच, असं मला वाटतं. उसुरी नदीपलीकडचा मुलूख १८६० मध्ये रशियाकडे गेला. इथे तो अजून चीनच्याच रंगात आहे. काकांनी त्यावरूनही शेवटचं वर्ष ठरवलं नाही. पाकिटावर फक्त '१८४२ नंतर' लिहिलं आणि तळाशी बारीक अक्षरात छापलेला प्रकाशकाचा लंडनमधला पत्ता वहीत उतरवून घेतला. प्रकाशक जागा बदलत. तो त्या पत्त्यावर कोणत्या वर्षांत होता, ते आता शोधायचं आहे.