व्हिडिओ ब्लॉगचा कॅमेरा : आधी गरज, मग खरेदी

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात. औसा, निलंगा, उदगीर या भागांतून येणारा ग्राहक पिढ्यान्‌पिढ्या याच रस्त्यांनी बाजारात येत आला. नांदेडच्या वजिराबादेतही देगलूर, मुखेड, कंधारकडील गिऱ्हाईक असेच येत असे. आजही ते येते, मात्र एस.टी.त बसण्यापूर्वी साडीचा काठ, भांड्याची जाडी किंवा दागिन्याची घडण त्याने मोबाइलवर पाहिलेली असते. हे दाखविणारे दुकान त्याच्या गावच्या बाजारातले असेल किंवा सुरत-हैदराबादचे. म्हणूनच अनेक व्यापारी घरांतील तरुण मुले आणि सुना आता व्हिडिओ ब्लॉग, म्हणजे बोलीभाषेतील ‘व्लॉग’, करू लागल्या आहेत. कोणी दुकानातील माल दाखविते, कोणी पापड-लोणच्यांची कृती सांगते, तर कोणी सहस्रकुंडचा धबधबा आणि उदगीरचा किल्ला हिंडून दाखविते.

अशा घरांत एक प्रश्न हमखास निघतो : कॅमेरा कोणता घ्यावा? वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘हातात मोबाइल आहे, तो काय वाईट आहे?’ मुलगा म्हणतो, ‘अमक्या प्रसिद्ध व्लॉगरकडे आहे तोच हवा.’ दोन्ही उत्तरे मनापासून दिलेली असतात; परंतु दोहोंमागे हिशेब नसतो. दुकानात नवा माल भरताना जो व्यापारी खपाचा अंदाज घेतल्याशिवाय गाठ सोडवीत नाही, त्याने कॅमेऱ्याच्या बाबतीत निराळा न्याय का लावावा?

प्रेक्षक कशासाठी येतो?

यूट्यूबवरील पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी जावेद करीम या सहसंस्थापकाने चढविली. अमेरिकेतील सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून काढलेली ही चित्रफीत अवघ्या १९ सेकंदांची असून तिचे चित्र धूसर आहे. तरीही आज वीस वर्षांनंतर लोक ती पाहतात.

आपल्याकडील उदाहरण मराठवाड्याच्या शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील आहे. सारोळा कासार या गावच्या सुमन धामणे या आजींच्या पाककृती त्यांच्या नातवाने चित्रित केल्या आणि ‘आपली आजी’ ही वाहिनी २०२० मध्ये घराघरांत पोहोचली. लोक त्या आजींच्या हातची चव आणि बोलण्यातील आपलेपणा यांसाठी येत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही वाहिनी हॅक झाली आणि काही दिवसांनी परत मिळाली. कॅमेरा हरवला तर दुसरा विकत घेता येतो. वाहिनी आणि तिच्यावरील विश्वास यांना मात्र बाजारात पर्याय मिळत नाही. म्हणून कॅमेऱ्याचा विचार करण्यापूर्वीच वाहिनीचे खाते घरातील जबाबदार व्यक्तीच्या नावे असावे आणि त्याला दुहेरी पडताळणीचे कुलूप लावलेले असावे.

महिनाभराची दोषांची वही

कॅमेरा निवडण्याची सर्वांत खात्रीची रीत म्हणजे आधी महिनाभर मोबाइलवरच काम करून पाहणे. आठवड्याला दोन याप्रमाणे आठ चित्रफिती काढाव्यात. स्वतःला पाहण्याच्या सोयीसाठी पुढचा कॅमेरा वापरण्याचा मोह होतो; परंतु बहुतेक मोबाइलमध्ये मागचाच कॅमेरा सरस असतो, तो वापरावा. मोबाइल ट्रायपॉडवर ठेवावा, चेहरा खिडकीच्या उजेडाकडे असावा, आणि प्रत्येक चित्रफीत पाहून तिच्यातील दोष एका वहीत लिहावेत. ज्या घरात रोजमेळ लिहिण्याची सवय आहे, तेथे हे अवघड नाही.

महिन्याअखेरीस वही स्वतःच बोलू लागते. पुष्कळदा असे दिसते की सर्वाधिक नोंदी चित्राच्या नसून आवाजाच्या आहेत. गंजगोलाईतील रिक्षांचा भोंगा, पंख्याची घरघर, शेजारच्या दुकानातील गाणी यांत बोलणे बुडून जाते. अंधूक चित्र प्रेक्षक थोडा वेळ सहन करतो. न ऐकू येणारे बोलणे तो लगेच सोडून देतो. यावर उपाय कॅमेरा नव्हे, तर कॉलरला लावायचा लहान माइक आहे. कॅमेऱ्याच्या किमतीच्या मानाने त्याची किंमत फारच थोडी असते.

दुसरा नेहमीचा दोष म्हणजे चित्रात सरकणारे काळपट पट्टे. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. मोबाइलमध्ये बहुधा सेकंदाला ३० चित्रे ही गती ठरवून दिलेली असते. तिचा या लुकलुकीशी मेळ बसत नाही. चित्रांची गती २५ आणि शटर १/५० सेकंद ठेवले की दोष बहुधा जातो. हे नियंत्रण मोबाइलमध्ये नसले तर ते देणारी ॲप्स मिळतात. या दोषासाठी नवा कॅमेरा घेणारा गृहस्थ नव्या कॅमेऱ्यातही तेच पट्टे पाहतो.

आवाज, उजेड आणि स्थिरता हे तीन विषय निकालात काढल्यावरही वहीत जे दोष उरतील, तेवढ्यांसाठीच कॅमेरा घ्यावा.

कोणत्या कामाला कोणता कॅमेरा?

कॅमेऱ्याचे मर्म त्याच्या सेन्सरमध्ये असते. प्रकाश टिपणारा हा पडदा जितका मोठा, तितके कमी उजेडात चित्र स्वच्छ. ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात सुमारे १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा असतो. ‘एपीएस-सी’ सेन्सर सुमारे २३.५ गुणिले १५.६, तर ‘फुल फ्रेम’ ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा. मेगापिक्सेलचा मोठा आकडा पाहून भुलण्यापेक्षा हे माप विचारणे शहाणपणाचे.

दुकानात एका जागी उभे राहून माल दाखवायचा असेल, तर मुख्य अडचण फोकसची असते. साडीचा पदर किंवा बांगडी पुढे धरली की कॅमेरा चेहऱ्यावरच अडून राहतो आणि माल धूसर दिसतो. सोनीने २०२० मध्ये आणलेल्या ‘झेडव्ही-१’ या एक इंची सेन्सरच्या कॅमेऱ्यात यासाठीच वस्तू दाखविण्याची स्वतंत्र सोय आहे. वस्तू पुढे येताच फोकस तिच्यावर जातो आणि ती खाली घेताच चेहऱ्यावर परततो. त्याचा पडदा बाजूला उघडून वळतो, माइकची खाच आहे आणि वजन ३०० ग्रॅमच्या आतबाहेर आहे. उणिवाही आहेत : बॅटरी लहान असल्याने दुसरी जवळ ठेवावी लागते, आणि हात लांब करून स्वतःचे चित्रण करताना चेहरा चौकटीत फार मोठा येतो. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत अधिक रुंद लेन्स देऊन ही दुसरी उणीव कमी केली गेली.

वहीत ‘रात्री दुकानात चित्र दाणेदार’, ‘एकच लेन्स पुरत नाही’ अशा नोंदी असतील, तर लेन्स बदलता येणारा एपीएस-सी कॅमेरा पाहावा. सोनीचा २०२१ चा ‘झेडव्ही-ई१०’ हा त्यांपैकी एक. मात्र अशा कॅमेऱ्यात खर्च एकदाच संपत नाही; प्रत्येक लेन्स ही स्वतंत्र खरेदी असते. शिवाय या मॉडेलमध्ये सेन्सरची यांत्रिक स्थिरता नाही, त्यामुळे चालत चित्रण करणाऱ्यास तो फारसा सोयीचा नाही.

चालत-फिरत चित्रण करणाऱ्यासाठी, मग ती माळेगावची यात्रा असो, नांदेडचा गोदाकाठ असो की खरोशाच्या लेणी, गिंबल असलेला कॅमेरा उपयोगी. डीजेआयच्या ‘ऑस्मो पॉकेट ३’ मध्ये (२०२३) एक इंची सेन्सर तीन अक्षांच्या यांत्रिक गिंबलवर बसविलेला आहे, त्यामुळे पावलांचे हिसके चित्रात उतरत नाहीत. तो पाण्यात मात्र नेता येत नाही. धबधब्याखाली किंवा पावसात दुचाकीवर जाणाऱ्याने गोप्रोसारखा ॲक्शन कॅमेरा पाहावा. त्याचा सेन्सर लहान असल्याने संध्याकाळनंतर त्याच्याकडून फार अपेक्षा करू नये.

तास-दीड तासाचे व्याख्यान किंवा लातूरच्या शिकवणी वर्गातील अध्यापन चित्रित करायचे असेल, तर दोन गोष्टी दुकानातच तपासाव्यात : सलग किती वेळ चित्रण होते, आणि चित्रण चालू असताना बाहेरून वीज देता येते का. जुन्या पुष्कळ कॅमेऱ्यांत २९ मिनिटे ५९ सेकंदांनी चित्रण आपोआप थांबते. यामागे तंत्राइतकाच कराचा हात होता! युरोपीय संघात ३० मिनिटांहून अधिक सलग चित्रण करणारे यंत्र ‘व्हिडिओ कॅमेरा’ धरून त्यावर जादा सीमाशुल्क लागे. ते टाळण्यासाठी उत्पादकांनी एक सेकंद आधीच मर्यादा घातली.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचाही विचार करावा. पारा ४० अंशांपलीकडे गेलेल्या दुपारी ‘फोर-के’ चित्रण करताना लहान कॅमेरे तापून बंद पडतात. फोर-के चित्रात फुल एचडीच्या चौपट बिंदू असतात. पण प्रेक्षक मोबाइलच्या वीतभर पडद्यावर पाहत असेल तर फुल एचडी पुरेसे होते. साठवणुकीचा हिशेबही सोपा आहे. १०० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने केलेले फोर-के चित्रण तासाला सुमारे ४५ जीबी जागा घेते, म्हणजे ६४ जीबीचे कार्ड दीड तासाच्या आतच भरते. कार्ड घेताना त्यावर ‘व्ही३०’ ही खूण पाहावी. ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहू शकते.

माइकची खाच हीसुद्धा न विसरता पाहायची गोष्ट आहे. व्लॉगरांत लोकप्रिय झालेल्या कॅननच्या ‘जी७ एक्स मार्क २’ मध्ये ती नव्हती. २०१९ च्या ‘मार्क ३’ मध्ये ती आली. जुना कॅमेरा स्वस्तात मिळतो म्हणून घेताना असे बारकावे निसटतात.

हिशेबाची बाजू

समजा, कॅमेरा ७०,००० रुपयांना घेतला आणि पाच वर्षांनी २०,००० रुपयांना विकला. पाच वर्षांची झीज ५०,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ८३३ रुपये. महिन्याला चार चित्रफिती निघाल्या तर प्रत्येकीवर सुमारे २०८ रुपये पडतात. दोन महिन्यांना एकच निघाली तर तोच आकडा १,६६७ वर जातो. कॅमेरा महाग की स्वस्त हे त्याच्या किमतीपेक्षा वापरणाऱ्याच्या नियमितपणावर ठरते. महिनाभर आठ चित्रफिती काढण्याची अट येथेही उपयोगी पडते. ज्याच्याकडून त्या होत नाहीत, त्याला महागडा कॅमेरा नियमितपणा शिकवीत नाही.

डिजिटल कॅमेऱ्यावरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करासह ७०,००० रुपयांच्या बिलात मूळ किंमत सुमारे ५९,३२२ आणि कर १०,६७८ रुपये असतो. कॅमेरा खरोखरच पेढीच्या कामासाठी असेल, तर बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक घालून घ्यावा, म्हणजे या कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यास ती मिळत नाही. वजावट घेतलेल्या कराच्या रकमेवर पुन्हा घसारा मागता येत नाही, हेही लक्षात असावे. घरच्या सहलींसाठी घेतलेला कॅमेरा पेढीच्या नावे दाखविणे अयोग्य होय. शंका असल्यास आपल्या सनदी लेखापालास खरेदीपूर्वीच विचारावे.

‘विनाव्याज हप्ता’ या शब्दालाही नीट पारखावे. रोख खरेदीवर मिळणारी सूट हप्त्यात सोडावी लागते काय, प्रक्रिया शुल्क किती, त्यावर कर किती, या सर्वांची बेरीज करूनच सही करावी. बिलाविना दोन-चार हजार स्वस्त मिळणारा आयात माल टाळावा. पहिल्या बिघाडालाच हमी नसल्याचे कळते आणि वाचलेले पैसे दुप्पट होऊन जातात.

नकाराचीही किंमत

या सर्व सावधगिरीचा अर्थ ‘घेऊच नये’ असा कोणी काढू नये. गावोगावचा ग्राहक मोबाइलवर पाहूनच दुकान निवडू लागला असताना, घरातील मुलाला किंवा सुनेला केवळ ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून थांबविणे महाग पडू शकते. लोणच्यांची ऑर्डर हैदराबादहून येण्याची शक्यता, जुन्या कापडदुकानाला नवी गिऱ्हाइके मिळण्याची शक्यता, ही त्या नकाराची किंमत असते. ती कोणत्याही वहीत नोंदली जात नाही, इतकेच.

वडीलधाऱ्यांनी म्हणून अट घालावी, पण ती पाळली गेल्यावर मागे हटू नये. महिन्याभरात आठ चित्रफिती झाल्या, दोषांची वही नेटाने लिहिली गेली, माइक आणि उजेडाची सोय करूनही काही दोष उरले, तर कुटुंबाने एकत्र बसून ती वही वाचावी. मग ज्याला कॅमेरा चालवायचा आहे त्यालाच दुकानात न्यावे, आपल्याच मालातील एखादी वस्तू बरोबर घ्यावी, ती कॅमेऱ्यासमोर धरून पाहावी आणि वहीतील दोष जो कॅमेरा दूर करील तोच घ्यावा.